मधली आडवी रेघ

३ जून, सोमवार

ही डायरी जानेवारीत औषध कंपनीच्या माणसाने फुकट दिली होती. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून सासूबाई ती फटीत खोचत होत्या. आज काढून घेतली. मनातलं कुठेतरी बोलायला हवं, आणि घरात बोलावं तर भांडण होतं.

तपासणीच्या बाई आल्या होत्या. दर वर्षी येतात. माझी बॅग उघडून कात्री उकळलेली आहे का, नाळ बांधायचा दोरा कोरा आहे का बघतात, मग शाळेतल्या पोरीची बघावीत तशी माझी नखं बघतात. यंदा बॅग उघडलीच नाही. चहाचा कप हातात धरून नुसत्या बसून राहिल्या.

मग म्हणाल्या, "बाई, नियम बदलला. आता नुसती मिडवाईफ चालणार नाही. नर्स-मिडवाईफ पाहिजे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नर्सिंगसुद्धा शिकलेली. तुमच्यासारख्या जुन्यांसाठी मोठ्या हॉस्पिटलात वर्षाचा जोडकोर्स काढलाय. पास झालात तर तुमचं प्रसूतिगृह चालू. नाहीतर बंद."

प्रसूतिगृह म्हणजे आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. दोन खाटा, एक टेबल, एक स्टोव्ह. अर्धी वस्ती तिथेच जन्मलेली आहे.

मी म्हटलं, "आणि दोन शब्दांच्या मधे ती आडवी रेघ कशाला?"

"ती रेघ म्हणजेच तो कोर्स, असं समजा," त्या म्हणाल्या आणि गार झालेला चहा एका दमात पिऊन निघाल्या.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. "जा की. शिकायला कोणी नको म्हटलंय?" म्हणाल्या आणि संध्याकाळभर भांडी आपटत राहिल्या. माझ्या शिकण्यावर त्यांचा पहिल्यापासून राग. मी सुईणकीचा दाखला घेऊन आले होते तेव्हाही अशीच भांडी वाजली होती.

९ जून, रविवार

टिल्ली हॉस्टेलवरून आली. सातव्या महिन्यात झाली तेव्हा माझ्या ओंजळीत मावत होती, म्हणून टिल्ली. आता दारातून वाकून येते. त्याच हॉस्पिटलात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे मी तिच्याच वर्गात बसणार. मला वाटलं ऐकून हसेल. हसली नाही.

"आई, एक मागू? तिथे मला लेक म्हणू नकोस. मीही तुला आई म्हणणार नाही. नुसतं सिस्टर."

"का ग?"

"असंच."

मी बरं म्हटलं. ती गेल्यावर आरशात बघितलं. पिकलेले केस, सुटलेलं अंग, पुढचा एक दात अर्धा. वीस वर्षांच्या मुलीला अशी आई बाकावर शेजारी नको वाटणारच. मला त्याचं काही वाटलं नाही. (वाटलं.)

१ जुलै, सोमवार

पहिला दिवस. मी वर्गात शिरले आणि सगळ्या मुली ताडकन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं मीच नव्या ट्यूटर. मी म्हटलं, "बसा ग बसा," आणि मागच्या बाकावर जाऊन बसले, तर बाक केवढ्याने कुरकुरला! वर्ग हसला. टिल्ली पहिल्या बाकावर होती. तिने मान वळवली नाही.

खऱ्या ट्यूटरबाई तिशीच्या असतील. काटकोनात चालतात. हजेरी घेताना माझ्यापाशी अडखळल्या. मला 'सिस्टर' म्हणावं की 'बाई', हे त्यांना सुचेना. शेवटी कोणत्याशा पोरीने "काकू" म्हटलं आणि तेच चिकटलं. आता अख्खा वर्ग काकू म्हणतो. टिल्ली सोडून. ती काहीच म्हणत नाही.

घरी आल्या आल्या सासूबाईंचा प्रश्न, "आज काय शिकवलं?" परीक्षकासारख्या. मी म्हटलं, "चादर घालायला." त्यावर म्हणाल्या, "तेवढ्यासाठी बसने जायचं?"

४ जुलै, गुरुवार

आज इतिहासाचा तास. पुस्तकात नर्सचा इतिहास लांबलचक आहे. मठातल्या सेविका, लढायांचे तळ, जखमी शिपाई, मग मोठमोठी हॉस्पिटलं आणि त्यांच्या शाळा. चित्रंही आहेत. मिडवाईफचा इतिहास दोन पानांत आटपला आहे. त्यातही पहिलं पान आमच्या बदनामीचं. 'पूर्वी हे काम अडाणी, अस्वच्छ सुईणींच्या हाती होते व त्यामुळे अगणित माता दगावत.'

माझे कान तापले. सासूबाई माझ्या आधी वस्तीतल्या सुईण होत्या. अडाणी म्हणाल तर सही येत नाही. अस्वच्छ मात्र कधी नव्हत्या. घासून पुसून लख्ख असायच्या. पण पाणी उकळायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या हातून काही बायका तापाने गेल्या, हेही खरं. तेव्हा पुस्तक खोटं आहे असं म्हणता येत नाही, आणि खरं आहे असं म्हणवत नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलंच, "पुस्तकात आमच्याबद्दल काही आहे का?"

"पुढच्या धड्यात आहे," मी म्हटलं.

१९ जुलै

चादरीचे कोपरे! मी उभ्या आयुष्यात कितीतरी खाटा घातल्या असतील, पण ट्यूटरबाई येतात, एका चिमटीने सगळं ओढून काढतात आणि "पुन्हा" म्हणतात. आज चौथ्यांदा म्हणाल्या तेव्हा मी बोलून गेले, "अहो, कळा देणारी बाई कोपरे बघत नाही."

त्या शांतपणे म्हणाल्या, "महिनाभर पाठीवर पडून असलेला माणूस बघतो. एक सुरकुती राहिली तर त्याच्या पाठीला जखम होते."

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या खाटेवरची बाई तिसऱ्या दिवशी बाळ घेऊन उठते. महिना महिना पडून असलेलं माणूस मी कधी सांभाळलंच नाही. पाचव्यांदा चादर घातली. ट्यूटरबाईंनी ओढली नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

माझी ड्यूटी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात लागली. आता लिहायला हरकत नाही, मी सकाळी बसस्टॉपवरून परत फिरणार होते. नवरा जाऊन दहा वर्षं झाली. त्याआधी आणि त्यानंतर माझ्या हाताखाली आलेले पुरुष म्हणजे सगळे तान्हे.

पहिलाच पेशंट एक ट्रकड्रायव्हर. दरवाजाएवढा माणूस. मांडीचं हाड मोडलंय, पाय दोरीने वर टांगून खाली वजनं लावली आहेत. मी अंग पुसायला पाण्याचं घमेलं घेऊन गेले तर त्याने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"तुम्ही कुठल्या बाई?"

"बाळंतिणींच्या वॉर्डातली."

"मग चुकून आलात. माझे दिवस भरले नाहीत अजून."

सगळा वॉर्ड खदाखदा हसला. मीही हसले. मग म्हटलं, "तोंड फिरवून घ्या, मी पण फिरवते," आणि दोघांनी दोन दिशांना बघत काम उरकलं. पाणी निम्मं त्याच्या गादीवर सांडलं. टिल्लीने येऊन चादर बदलली. टांगलेला पाय तसूभर न हलवता, आणि तोंडाने त्याच्याशी त्याच्या ट्रकबद्दल बोलत. कोपरे बघण्यासारखे होते.

२८ ऑगस्ट

ड्रायव्हरशी आता दोस्ती झाली. मला 'आईसाहेब' म्हणतो, टिल्लीला 'छोट्या डॉक्टर'. त्याची बायको रोज दुपारी भेटायच्या वेळेत येते. पोटुशी आहे. दोन मुलं झालेली, हे तिसरं. भित्री, बारीक आवाजाची. नवऱ्याच्या उशाशी बसते आणि तो ट्रकच्या मालकाला शिव्या देत असतो तेव्हा त्याच्या बनियनची सुटलेली शिवण घालत असते. मी तिला चेहरा बघूनच म्हटलं, "लोह कमी आहे तुला. गोळ्या घेतेस का?" तर नवऱ्याकडे बघून म्हणाली, "हे बरे होऊ देत आधी."

१० सप्टेंबर, मंगळवार

टिल्लीला या महिन्यात लेबर वॉर्ड लागला होता. तिने तो एका मुलीशी बदलून घेतला आणि पुन्हा सर्जिकलला आली. म्हणे त्या मुलीची अडचण होती. मनाने चांगली आहे पोरगी, दुसऱ्यासाठी करते. पण मला तिच्यासोबत एक तरी बाळंतपण करायचं होतं. पुढे ते प्रसूतिगृह तिलाच बघायचं आहे. तिसरी खाट घालायची असं मी ठरवलंय. भिंत थोडी आत सरकवावी लागेल.

२१ सप्टेंबर

इंजेक्शन जमतं, पण शीर सापडत नाही. सलाईन लावायला गेले की माझा हात जड होतो. ट्यूटरबाई म्हणतात सराव करा. कोणावर करू? आज सगळ्या जेवायला गेल्यावर टिल्ली ड्रेसिंगच्या खोलीत आली, दार लोटलं, बाही वर केली आणि हात पुढे धरला.

"टोच."

"अग, दुखेल."

"टोच म्हणते ना. मलाही असंच कोणीतरी शिकवलं."

मी तीनदा टोचलं. तिन्ही वेळा चुकलं. तिचा कोपर निळा पडला. ती म्हणाली, "उद्या दुसरा हात." जाता जाता कॉरिडॉरमधे पुन्हा अनोळखी झाली.

घरी सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांनी बारीकसारीक सगळं विचारून घेतलं. शीर कशी ओळखायची, बोटाने की डोळ्याने. उगाच खोड काढायला विचारत असतील. शेजारीण म्हणत होती, माझ्या मागे घरी बायका आल्या की सासूबाई त्यांना "बाई शाळेत गेल्यात" सांगतात खऱ्या, पण मग ओट्यावर तास तास बोलत बसतात, पायांची सूज बघतात. एकट्या असतात, वेळ जात नसेल.

१५ ऑक्टोबर

ट्यूटरबाईंनी आज मला वर्गापुढे उभं केलं. "मिडवाईफचा इतिहास पुस्तकात दोन पानं आहे. काकू, उरलेला तुम्ही सांगा."

सांगितलं. सासूबाईंच्या वेळी सुईण म्हणजे कोणाची तरी सासू, कोणाची तरी मावशी. शिकवायचं कोणी नाही, जाब विचारायचं कोणी नाही आणि वाचवायचंही कोणी नाही. मग आमच्या वेळी सहा महिन्यांचा वर्ग निघाला, दाखला आणि बॅग मिळाली. घरोघर जायचं, पण सुई टोचायची नाही, औषध द्यायचं नाही. बाई अडली की डॉक्टरला बोलवायचं, आणि डॉक्टर येईपर्यंत तिचा हात धरून बसायचं. हॉस्पिटलातल्या नर्स आम्हाला कमी समजायच्या. आम्ही म्हणायचो, ह्यांना आजारी माणूस कळतं, धडधाकट बाई कळत नाही. दोन वाटा होत्या. आता सरकारने एक केल्या.

एका मुलीने विचारलं, "काकू, मग तुम्हाला पहिल्यांदा शिकवलं कोणी?"

"सासूबाईंनी," मी म्हटलं. "पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे ते बघायला त्यांनी शिकवलं. कात्री उकळायला वर्गाने शिकवलं. दोन्ही लागतं."

टिल्ली माझ्याकडे एकटक बघत होती. आज पहिल्यांदाच.

६ नोव्हेंबर, बुधवार

नीट लिहून ठेवते.

दुपारची भेटायची वेळ. वॉर्ड नातेवाइकांनी भरलेला. ड्रायव्हरची बायको नेहमीसारखी आली, पण बसली नाही, खाटेची दांडी धरून उभी राहिली. मी लांबून बघितलं आणि मला कळलं. धावत गेले.

"कधीपासून दुखतंय?"

"सकाळपासून. ह्यांना भेटून मग जाणार होते तिकडे…"

बोलता बोलता पाणी सुटलं. लेबर वॉर्ड दुसऱ्या इमारतीत, मधे अख्खं अंगण आणि जिना. तिसरं बाळंतपण, एवढा वेळ कुठला मिळायला! तिला कसंबसं शेजारच्या ड्रेसिंगच्या खोलीत नेलं, टेबलावर चादर टाकली. आणि तिथे, एवढे महिने ज्या वॉर्डात मी घमेली सांडत होते तिथे, माझे हात माझे झाले. काही आठवावं लागलं नाही. "श्वास घे. आता नको जोर लावू. आता लाव." बाळ असं आलं की झेलावंच लागलं. मुलगी. आल्या आल्या भांडायला लागली.

बाहेर ड्रायव्हर ओरडत होता, "अहो आईसाहेब, काय झालं? सोडा हो माझा पाय, कोणीतरी सोडा!" सगळा वॉर्ड त्याला दाबून धरत होता.

मी हसून ओरडले, "मुलगी आहे, पडून राहा!"

नाळ बांधून कापली, बाळ एका सिस्टरच्या हातात दिलं. वार पडली. आणि मग माझं हसू गेलं. रक्त थांबेना. गर्भपिशवी हाताला लोण्यासारखी मऊ लागत होती, आकसतच नव्हती. मी पोटावरून चोळायला लागले. बाई पांढरी पडत चालली. ओठ, मग नखं. असं मी दोनदा बघितलंय माझ्या घरी. दोन्ही वेळा मी चोळत राहिले आणि गाडीची वाट बघत राहिले. एक वाचली. एक नाही.

"डॉक्टर ऑपरेशनमधे आहेत, निरोप दिलाय," दारातून आवाज आला. टिल्ली होती. तिने एकदाच बघितलं. घाई नाही, ओरडणं नाही. टेबलाची पायाची बाजू उचलून खाली खाटा उंचवायच्या विटा सरकवल्या. पिशवी आकसण्याचं इंजेक्शन भरलं, दिलं. मग हात धरला. त्या हाताला शीर राहिलीच नव्हती. मी असते तर दहादा टोचत बसले असते. तिने डोळे मिटले, बोट फिरवलं, कुठेतरी थांबली आणि सुई आत घातली. बाटली टांगली. धार सुरू झाली.

माझे दंड भरून आले होते. चोळता चोळता हात सुटायला लागला.

"आई, हात सोडू नकोस," ती म्हणाली. "आई, माझ्याकडे बघ. अजून थोडं."

सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. मला तेव्हा कळलंही नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. माझ्या तळहाताखाली काहीतरी हललं, आवळलं, आणि पिशवी चेंडूसारखी घट्ट झाली. रक्त ओसरलं. डॉक्टर आले तेव्हा त्यांना रक्त चढवण्याची सोय करायचं काम उरलं होतं. बाई वाचली.

मग मी टिल्लीकडे नीट बघितलं. टोपी वाकडी, एप्रन रक्ताने भरलेला, आणि चेहरा असा उजळलेला की लहानपणी जत्रेतून आली तरी असा नसायचा. त्याच वेळी बाळ रडलं. खोलीतल्या सगळ्यांनी बाळाकडे बघितलं. ती बाटलीतले थेंब बघत होती.

१० नोव्हेंबर, रविवार

टिल्ली घरी आली. मी तिसऱ्या खाटेचा विषय काढला. तिने भात कालवायचा थांबवला.

"आई, मी इथे येणार नाही. मला ऑपरेशन थिएटरचा कोर्स करायचाय. मला बाळंतपण येत नाही असं नाही. पण मला ते तुझ्यासारखं… मला ते आवडत नाही ग. जखम आवडते मला. शिवलेलं, भरून येणारं."

"म्हणून तू लेबर वॉर्ड बदलून घेत होतीस?"

"हो."

"आणि मला आई म्हणायचं नाही, ते?"

"बाईंची मुलगी म्हटलं की सगळे मला तिकडेच ढकलणार. तुझं नाव केवढं आहे तिथे, तुला माहीत नाही. लेबर वॉर्डातल्या निम्म्या बायका तुझ्या हातून झालेल्या आहेत."

मी एवढं गाढव असेन असं वाटलं नव्हतं. मला वाटलं माझ्या दाताची लाज वाटते. तिला ते सांगितलं, तर आधी हसली आणि मग रडली, आणि भात तसाच राहिला.

तरी ती गेल्यावर मला राग आला. खोटं कशाला लिहू?

११ नोव्हेंबर

सासूबाईंपाशी धुसफुसले. "एवढा जीव कोणासाठी काढतेय मी? या वयात लोकांची बेडपॅन धुतेय. पुढे चालवायला कोणी नाही."

त्या दाराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "तू दाखला घेऊन आलीस ना, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची शिंपीण आली. तिची पहिली तीन माझ्या हातची. मी इथेच बसले होते. मला ओलांडून तुझ्याकडे आत गेली."

मला काही आठवेना.

"तुला कशाला आठवेल?" त्या म्हणाल्या. "त्यानंतर माझ्याकडे कोणी आलं नाही."

"तुम्ही कधी बोलला नाहीत, आई."

"काय बोलायचं? तुझ्या हातून बायका घरी जात होत्या. माझ्या हातून सगळ्याच घरी नव्हत्या गेल्या."

त्या कधीच पुढच्या खोल्यांत पाऊल टाकत नाहीत. मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले की त्यांना फिनेलचा वास सोसत नाही.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "पोरगी तुला टाकून चालली नाही. ती तिच्या कामाला चालली. मला मात्र टाकलं होतं. त्यातही तुझी चूक नव्हती." आणि उठून माझ्यासाठी चहा ठेवला. भांडं आपटलं नाही.

२५ नोव्हेंबर

ड्रायव्हर कुबड्यांवर उभा राहिला. बायको, मुलगी, तो, तिघं एकाच दिवशी घरी गेले. पोरीचं नाव काय ठेवलंत विचारलं, तर म्हणाला, "आमच्यात भांडण चाललंय. हिला तुमचं हवंय, मला छोट्या डॉक्टरांचं." मी म्हटलं, दोघींची नावं बिघडवू नका, तिला स्वतःचं ठेवा.

१४ मार्च, शुक्रवार

परीक्षा संपली. औषधांच्या मापाच्या पेपरला घाम फुटला. दशांश चिन्ह हे माझ्या जन्माचं वैर आहे. पण शेवटच्या पेपरात प्रश्न आला, 'नर्स-मिडवाईफ या व्यवसायाचा विकास थोडक्यात लिहा.' थोडक्यात जमलं नाही. पुरवण्या मागितल्या. पर्यवेक्षक म्हणाले, "बाई, वेळ संपली." मी म्हटलं, "एकच सुईण राहिली आहे," आणि सासूबाईंवरचं वाक्य पूर्ण करूनच पेन ठेवलं.

१८ एप्रिल

पास! काठावर, पण पास. टिल्ली पहिल्या पाचांत. ट्यूटरबाईंनी मला बोलावून घेतलं. "काकू, मापांत तुम्ही थोडक्यात वाचलात. इतिहासाची उत्तरपत्रिका मात्र परीक्षकांनी मला वाचायला दिली." मग टेबलावरची टाचणी सरळ करत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मुलींना तुमच्याकडे पाठवलं तर चालेल? घरगुती बाळंतपणाच्या पोस्टिंगला? हॉस्पिटलात मुलींना बाळंत होणाऱ्या बायका फक्त झोपलेल्या दिसतात."

मी म्हटलं, "चालेल. कोपऱ्यांची काळजी करू नका."

त्या हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचे दात दिसले.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी फक्त विचारलं, "मापं म्हणजे कसली ग? मला दाखव."

१ जून, रविवार

टिल्ली थिएटरच्या कोर्ससाठी दूरच्या शहरात गेली. बसस्टँडवर दोघी पोचवायला गेलो. सासूबाईंनी तिला शंभर सूचना केल्या. बस सुटताना खिडकीतून ओरडली, "आई! ए आई! पोचले की कळवते!" आजूबाजूचे सगळे बघायला लागले. मी उगाचच पदर सारखा करत राहिले.

घर मोठं वाटतंय.

९ जून, सोमवार

आज प्रसूतिगृह उघडलं. बाटल्या, सुया, सलाईनची दांडी, सगळं जागेवर लावून दुपारी जरा टेकले तोच रिक्षा थांबली. पहिलटकरीण. पोर कसली, पोरीची पोर. सोबत नवरा होता, तो दारातच फिकट पडलेला. तिने माझा हात असा धरला की सोडवेना, आणि मला तर तो हवा होता, पाणी घ्यायला, तपासायला.

"मला एकटीला टाकू नका," ती म्हणत होती.

मी आतल्या दाराकडे बघितलं. सासूबाई उंबऱ्याच्या पलीकडे उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"आई," मी म्हटलं, "हिच्या उशाशी बसाल का? मला माणूस हवंय."

मला वाटलं आत निघून गेल्या. मी मुलीकडे वळले. मागे पाण्याचा आवाज आला. बघते तर सासूबाई मोरीपाशी उभ्या, बाह्या वर केलेल्या, आणि साबणाने हात धूत होत्या. बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, कोपरापर्यंत, वरून खाली पाणी सोडत. न पुसता, हात वर धरून तशाच आत आल्या. टॉवेलला शिवल्या नाहीत.

हे त्यांना कोणी दाखवलं, मी विचारलं नाही. त्या मुलीच्या उशाशी बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस ग बाई. आम्ही दोघी आहोत."

संध्याकाळ व्हायच्या आत मुलगा झाला. रडायला जरा वेळ घेतला. सासूबाईंनीच आधी ऐकलं.